पुढचा डावा शॉकअप परत गळला, त्याबद्दल आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या पोलोचे शॉकअप आम्ही दुरुस्त केले, त्या कामाच्या रिव्ह्यूत दोन तारे देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. तेल एकाच शॉकअपमधून येत होतं तरी आम्ही चारही खोलले. 8 दिवस सांगून गाडी 22 दिवस ठेवली. एवढ्या पैशात नवीन सेट आला असता. आणि एवढं करून दुसऱ्याच ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस), चेन्नईत, पुढचा डावा शॉकअप परत गळला. शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण ती चूक आमची आहे.

त्या शॉकअपच्या रॉडवर, सील जिथे सरकतं त्याच पट्ट्यात, दोन बारीक खड्डे होते. बहुतेक रस्त्यावरची खडी लागून पडलेले, कारण वरचा रबरी बूट फाटलेला होता. रॉडवरून नख फिरवलं आणि ते अडलं, की तो रॉड तसाच परत बसवायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. एकतर हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा) करून घ्यायचा, नाहीतर नवीन टाकायचा. नख जेमतेम अडत होतं. क्रोमिंगला आणखी आठवडा लागला असता आणि गाडी आधीच लांबली होती, म्हणून मी खड्डे पॉलिश करून नवं सील बसवायला सांगितलं. निर्णय माझा, आमच्या मिस्त्रींचा नाही. खड्ड्याची कड प्रत्येक वर-खाली हालचालीत सीलच्या ओठाला घासत राहिली आणि सील गेलं. चेन्नईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा आणि घड्याळाच्या दिशेने फिरणारा. उजवी वळणं जास्त, त्यामुळे जास्त भार डाव्या चाकांवर, आणि ब्रेक मारत वळणात शिरताना पुढच्या डाव्यावर सर्वात जास्त. जो रॉड तिथे बसवायलाच नको होता, तो मी नेमका तिथेच बसवला. तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं. तेही केलं नाही.

चारही का खोलले, याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. तेल गळतंय म्हणजे शॉकअप गेला आणि कोरडा आहे म्हणजे चांगला, असं बहुतेक जण धरून चालतात. रस्त्यावरच्या गाडीला ते थोडंफार चालतं, ट्रॅकवरच्या गाडीला नाही. तुमचे मोनोट्यूब आहेत. आत तेल, त्याच्या एका टोकाला दाबाखालचा नायट्रोजन, आणि दोघांच्या मध्ये ओ-रिंग लावलेला तरंगता पिस्टन. डायनोवर, म्हणजे शॉकअप दाबून-ओढून त्याचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर, लावले तेव्हा सर्वात वाईट निघाला तो गळणारा डावा नव्हे, तर बाहेरून कोरडा ठणठणीत दिसणारा पुढचा उजवा. त्याची आतली ओ-रिंग गेली होती आणि गॅस तेलात मिसळला होता. बाहेर थेंबही नाही. पण तेलात बुडबुडे आले की पिस्टनला धरायला काही उरत नाही. त्याच वेगाला रिबाउंड (शॉकअप उघडतानाचा रोध) डाव्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी होता. तुम्ही गाडी देताना म्हणाला होतात, "तिसऱ्या-चौथ्या लॅपनंतर ब्रेक मारला की नाक एका बाजूला जातं." ते हेच. फक्त डावा नवा केला असता, तर दोन बाजूंतला फरक आणखी वाढला असता. मागच्या दोघांत तेल काळं, पातळ झालेलं होतं आणि पिस्टनची पट्टी झिजलेली. बॉनेट दाबून सोडल्यावर हे कळत नाही. हाताने दाबण्याचा वेग कुठे आणि ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक आदळतानाचा वेग कुठे!

डायनोवरच्या या मोजणीचा आलेख तुम्हाला गाडी देतानाच छापून द्यायला हवा होता. दिला असता तर कदाचित ही तक्रार आलीच नसती.

22 दिवसांचं कारण सील किट. परदेशातून यायला उशीर झाला. ते खरं असलं तरी 8 दिवस सांगितल्यावर नवव्या दिवशी मी फोन करायला हवा होता.

आता नव्या सेटचं. तेवढ्या पैशात सेट मिळतो, बरोबर. पण तो ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा), आणि त्याचं व्हॉल्व्हिंग (तेल अडवणाऱ्या झडपांची रचना) मऊ स्प्रिंगसाठी केलेलं. तुमच्या पोलोच्या स्प्रिंग त्याहून बऱ्याच कडक आहेत; तसा शॉकअप 15 मिनिटांच्या सेशनमध्ये तापतो, तेल फेसाळतं आणि गाडी उड्या मारायला लागते. नवीन घ्या असं आम्ही सांगतोच: रॉड वाकला असेल, नळीला आतून ओरखडे असतील, तोंड कंपनीतूनच दाबून बंद केलेलं असेल, किंवा खर्च नव्याच्या साठ टक्क्यांवर जात असेल तर. याच गाडीचे मूळचे शॉकअप आम्ही रिबिल्ड न करता टाकून द्यायला सांगितले होते, आठवत असेल.

किती दिवसांनी खोलायचे, हेही तुम्ही विचारलं होतं आणि मी घाईत उत्तर दिलं नव्हतं. किलोमीटर मोजू नका, ट्रॅकवरचे तास मोजा. एका ट्रॅक डेला साधारण तास-सव्वा तास होतो. 25 तास झाले की डायनोवर लावायचे, मग गळो न गळो. तुम्ही मात्र पुण्याहून चेन्नईला आणि कोइंबतूरला गाडी चालवत नेता, एका बाजूचे हजारावर किलोमीटर, रंग न मारलेले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातला चिखल अंगावर घेत. म्हणून तुमच्यासाठी 20 तास, आणि बूट फाटला की त्याच आठवड्यात बदलायचा.

पुढच्या डाव्याला नवीन रॉड, सील, तेल आणि गॅस आम्ही आमच्या खर्चाने करून देतो, काढण्या-बसवण्याच्या मजुरीसकट. पुढचा उजवाही सोबत डायनोवर लावू, म्हणजे दोन्ही जुळतात की नाही ते तुमच्यासमोर दिसेल. रॉड मी मागवून ठेवला आहे. तो हातात आल्यावरच गाडी बोलावेन, म्हणजे ती इथे दोन दिवसांच्या वर राहणार नाही. रिव्ह्यू बदलण्याची गरज नाही.

तोवर त्या शॉकअपवर ट्रॅकवर जाऊ नका, तेल ब्रेक डिस्कवर उडू शकतं. आणि क्लिक (शॉकअपचा कडकपणा ठरवणाऱ्या नॉबचे टप्पे) आता कितीवर आहेत ते चारही चाकांचं लिहून आणा.