‘डेथ विश’ आणि ‘सगळ्यांना माहीत असलेला’ चोर

भाऊ, रामराम.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : १९७४च्या ‘डेथ विश’ला मी लबाड सिनेमा म्हटलं ते एसीत बसून. (ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी : बायकोचा खून झालेला न्यूयॉर्कचा एक आर्किटेक्ट, म्हणजे नट चार्ल्स ब्रॉन्सन, रात्री रस्त्यावरच्या लुटारूंना गोळ्या घालत फिरतो.) ज्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरांनी वारंवार कापून नेली, आणि ठाण्यात ज्याच्या अर्जावर नुसता शिक्का मारून वाटेला लावलं, त्याने चार्ल्स ब्रॉन्सनच्या गोळीला टाळी वाजवली तर त्याला शहाणपण शिकवू नये. वर एका गुंडाला कोर्टातच संपवणाऱ्या बायांची आठवण देऊन विचारलंत, “नागपूरच्या कस्तुरबा नगरातल्या बायांनी केलं ते बी चूकच का?”

एसीचं राहू द्या, आमच्याकडे रात्री पंखा फिरला तरी लोक लाइनमनला दुवा देतात. टाळीचं म्हणाल तर ती मीही वाजवली होती. माझं भांडण टाळी वाजवणाऱ्याशी नाही, ती कशी काढून घेतली त्याच्याशी आहे.

मूळ कादंबरी ब्रायन गारफिल्डची, १९७२ची. कोणीतरी त्याच्या मोटारीचं कापडी छत फाडलं आणि त्याच्या डोक्यात सणक गेली. तो राग उतरलाच नाही तर माणसाचं काय होईल, या विचारातून पुस्तक आलं. त्यातला नायक हिशेबनीस आहे, आणि शेवटी शेवटी तो नि:शस्त्र पोरांवरही गोळ्या झाडतो. सिनेमाची पहिली बोलणी दिग्दर्शक सिडनी ल्युमेट आणि नट जॅक लेमन यांच्याशी होती. लेमनचा तो साधा, कारकुनी चेहरा डोळ्यासमोर आणा! पण ल्युमेट बाजूला झाला, दिग्दर्शक म्हणून मायकल विनर आला, आणि विनरने ब्रॉन्सनला घेतलं. तिथेच अर्धा सिनेमा बदलला. ब्रॉन्सनच्या चेहऱ्यावर भीतीला जागाच नाही.

तरी एक तुकडा अस्सल उतरलाय. हातात पिस्तूल येण्याआधी हा माणूस पायमोज्यात नाण्यांच्या गुंडाळ्या भरतो आणि अंगावर आलेल्या लुटारूला तो मोजा फिरवून हाणतो. घरी येतो, हात थरथरतायत, पेला भरतो. पुढे पहिला खून केल्यावर त्याला ओकारी होते. त्यानंतर विनर ती थरथर काढूनच टाकतो. मग तो ज्याच्यावर गोळी झाडेल तो लुटारूच असतो, कारण कॅमेऱ्याने ते आपल्याला आधीच दाखवलेलं असतं. चुकून एकही भलता माणूस मरत नाही. शहरातली लूटमार निम्म्यावर येते, आणि सरकारच पोलिसाला सांगतं, याला पकडू नका, गुपचूप गावाबाहेर काढा. गारफिल्डला हे इतकं झोंबलं की १९७५मध्ये त्याने पुढची कादंबरी लिहिली ती जवळजवळ या सिनेमाला उत्तर म्हणून. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने सिनेमा झोडपून काढला, थिएटरात लोक उभं राहून ओरडत होते, आणि ब्रॉन्सनचेच आणखी चार भाग निघाले. १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एकाने चार पोरांवर खरोखरच गोळ्या झाडल्या, तेव्हा पेपरवाल्यांना हाच सिनेमा आठवला.

आता आपल्या धुऱ्यावर या. तुम्ही लिहिता, “चोर कोण हे सगळ्या गावाले मालूम आहे.” भाऊ, माझ्या अंगावर काटा आला तो इथे. आमच्या गावात एका दिवाळीआधी सोयाबीनची गंजी पेटली. राख गरमच होती, मालक डोक्याला हात लावून बांधावर बसलेला, आणि पानठेल्यावर नाव ठरलं होतं : पारधी बेड्यावरचा एक पोरगा. पाहिलं कोणी? कोणीच नाही. इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण पानठेल्यावरून अजून गेलेला नाही. त्या रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात काठ्या घेऊन निघालेल्यांना पोलीस पाटलांनी नाल्याजवळ आडवं होऊन थांबवलं. गंजी कोणी पेटवली ते आजतागायत कळलेलं नाही. ब्रॉन्सनला जो कॅमेरा मिळाला तो आमच्या नाल्यावर कोणी लावला होता? २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, तेही ‘सगळ्यांना माहीत’ होतं म्हणूनच.

आणखी एक. गावात असा ‘न्याय’ करायला एकटा बिचारा आर्किटेक्ट येत नाही. ज्याच्याकडे दोन टिप्पर आणि दहा पोरं आहेत तो येतो. यंदा तुमचा केबलचोर बडवून देईल, पुढच्या साली रेतीच्या ट्रकापायी तुमचा पांदण रस्ता उखडला तर तक्रार कोणाकडे नेणार?

कस्तुरबा नगर मात्र वेगळं, आणि ते तुमच्या बाजूने जात नाही. तिथल्या बाया वर्षानुवर्षं अक्कू यादव नावाच्या गुंडाचा छळ सोसत होत्या, पोलिसांकडे जाऊन थकल्या होत्या. १३ ऑगस्ट २००४ला त्यांनी कोर्टातच त्याला संपवलं, आणि दहा वर्षांनी आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण त्या बायांना दोष द्यायलाही नाही. निदान माणूस तोच होता, ज्यांना त्याने छळलं त्यांच्यासमोर. ‘डेथ विश’मध्ये बायकोला मारणारे तिघे नायकाला शेवटपर्यंत सापडतच नाहीत, तो दुसऱ्याच लुटारूंना मारत फिरतो. ही गोष्ट सिनेमा इतक्या सफाईने दडवतो की बाहेर पडताना कोणाच्या लक्षातही राहत नाही.

तुमच्या केबलचं सांगतो. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाची चोरी दखलपात्र गुन्हा आहे, तिचा एफआयआर ठाण्याला नाकारता येत नाही. नवीन कायद्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) बघा : तीच तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. शिक्का मारलेली प्रत जोडा, आणि केबल घेतल्याचं दुकानदाराचं पक्कं बिल असेल तर तेही.