दोनदा गेलेल्या ट्यूबबद्दल दुकानाचं उत्तर

नमस्कार. आमच्या सायकल दुकानाला तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर, दोन्ही नीट वाचले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मागच्या चाकाला आमच्याकडून नवा टायर आणि ट्यूब बसवून घेतली, ती दुसऱ्याच रात्री बिल्डिंगखाली उभ्या सायकलवर धाडकन फुटली. आम्ही पुन्हा पैसे घेऊन दुसरी बसवली, ती तीन आठवड्यांनी पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ गेली. म्हणजे ट्यूब हलकी. शिवाय दुकानातल्या पोराने टायर चढवायला वीस मिनिटं लावली, टायरवर ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलेलं असताना हवा ६०च मारली आणि न विचारता रिम टेपचे (रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीचे) पैसे लावले.

पहिली ट्यूब आमच्या चुकीने फुटली. तुम्ही ती परत आणून दिलीत म्हणून खात्रीने सांगता येतं. व्हॉल्व्हपासून चार बोटांवर वीतभर लांब चीर आहे, आणि सायकल आली तेव्हा तिथेच टायर रिमबाहेर आलेला होता. टायरच्या आत नीट कोंडलेली ट्यूब पंक्चर झाली तर फुसफुसते, धडाका होत नाही. धडाका झाला म्हणजे ट्यूब टायरबाहेर आली. बसवताना ट्यूबची घडी टायरची कड (रिममध्ये बसणारा काठ) आणि रिम यांच्यामध्ये अडकली की तेवढ्या जागी कड रिममध्ये बसत नाही. हवेचा दाब तिला सरकवत राहतो. कधी पाच मिनिटांत, कधी रात्रभराने कड सुटते आणि ट्यूब फुग्यासारखी बाहेर येऊन फाटते. यात रबराचा दर्जा कुठे येत नाही. महागातली ट्यूबही अशीच फाटली असती.

व्हॉल्व्हच्या बुडाशी रबर जाड असल्यामुळे ही जागा जास्त धोक्याची. शेवटची कड चढली की व्हॉल्व्ह बोटाने आत, टायरच्या पोटात ढकलून परत खाली ओढायचा, म्हणजे कडेखाली अडकलेलं रबर मोकळं होतं. मग दोन्ही बाजूंनी अंगठ्याने टायर आत दाबत अख्खं चाक तपासायचं: फटीतून रिम टेप दिसली पाहिजे, ट्यूब दिसता कामा नये. त्यानंतर २०-२५ पीएसआय हवा मारून चाक फिरवायचं आणि टायरच्या कडेलगतची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघायचं. कुठे आत बुडालेली किंवा वर आलेली दिसली तर हवा काढून पुन्हा बसवायचं. पूर्ण हवा त्यानंतरच. तुमच्या चाकावर ही तपासणी एकतर झाली नाही किंवा धावती झाली. शनिवारची गर्दी हे त्याचं कारण होऊ शकत नाही. दुसऱ्या ट्यूबचे आणि तिच्या मजुरीचे पैसे घ्यायलाच नको होते, ते परत करतो.

दुसरी ट्यूब मात्र वेगळी गोष्ट आहे. तिच्यावर शेजारी शेजारी, बोटभर अंतराने दोन बारीक चिरा आहेत. सायकलवाले याला स्नेकबाइट म्हणतात. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या धारेवर किंवा वर आलेल्या पेव्हर ब्लॉकवर आदळलं की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मध्ये चिमटते. लिव्हरने (टायर चढवायच्या पट्टीने) चिमटलेली ट्यूबही साधारण अशीच दिसते, पण तिची हवा त्याच दिवशी, फार तर रात्रीत जाते, ती तीन आठवडे चालत नाही. तुमचं पुढचं चाक पंक्चर नव्हतं. त्यात आम्ही ५५ भरले होते, सायकल आली तेव्हा गेजवर (हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर) ३८ दाखवले. मागचंही तेवढंच उतरलेलं असणार. ट्यूबच्या रबरातून हवा थोडी थोडी झिरपतच असते, त्यामुळे आठवड्यातून एकदा गेजवाल्या पंपाने बघायला हवं. अंगठ्याने दाबून ४० आणि ६० मधला फरक कळत नाही, आम्हालाही नाही. पेट्रोल पंपावर भरणार असाल तर जपून: सायकलची ट्यूब लहान, काही सेकंदांत हवा मर्यादेपलीकडे जाते.

ती ट्यूब टाकून देऊ नका. पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या, पाच मिनिटं सुकू द्या आणि दोन्ही चिरा झाकेल असा एकच मोठा पॅच लावा. सोल्यूशन ओलं असताना लावलेला पॅच सुटतो, बहुतेक पॅच त्यामुळेच सुटतात.

७५ हा आकडा टायरची कमाल मर्यादा आहे, रोज भरायचा दाब नाही. ७००×३५ मापाच्या टायरला शहरात मागे ६०-६५, पुढे ५५ ठीक. ७५ भरलेत तर स्नेकबाइट कमी होतील, पण पावसात ओल्या रस्त्यावर पकड घटते आणि हादरे थेट मनगटात येतात.

वीस मिनिटांबद्दल: आमचा पोरगा टायर लिव्हर न वापरता चढवत होता, आणि आमच्याकडे शिकवतो तेच करत होता. ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरतीच हवा, बाहेरून टाल्कम पावडर, व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून कड चढवायला सुरुवात आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटचा वीतभर भाग अडतो तेव्हा जोर लावायचा नसतो. बसलेली कड चाकभर रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली की ढील मिळते आणि तळहाताने टायर चढतो. व्हॉल्व्हपाशी जाड रबरामुळे कड त्या खोलगट भागात उतरत नाही, म्हणून तिथून सुरुवात केली तर समोरच्या टोकाला ढील उरत नाही आणि लिव्हर घ्यावाच लागतो. लिव्हरने दोन मिनिटांत झालं असतं, पण दहातल्या एकदोन ट्यूब तिथेच चिमटल्या असत्या.

रिम टेपचं आधी विचारायला हवं होतं, बरोबर आहे. तुमची जुनी रबरी पट्टी सरकून स्पोकची दोन भोकं उघडी पडली होती. ६० पीएसआयला ट्यूब त्या भोकात फुगते आणि भोकाच्या धारेवर कापली जाते.

येताना मागचं चाक घेऊन या, दुसरी ट्यूबही आणा. टायर रिमबाहेर आला होता, त्यामुळे त्याच्या कडेतली तार वाकली आहे का ते बघायचं आहे. वाकली असेल तर टायर आमच्या खर्चाने बदलून देऊ.