विमानतळावर संपत नाही ती मैत्री

मिशनच्या सेवेसाठी परदेशी गेलेल्यांची मैत्री परतीच्या विमानापर्यंतच टिकते, हे एका लेखातलं वाक्य वाचून वाईट वाटलं. मी नगरची, पेशाने नर्स. २०२४ मध्ये मर्सी शिप्स या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या 'ग्लोबल मर्सी' या रुग्णालय-जहाजावर तीन महिने सेवा केली. जहाज पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात होतं. जहाजावरच्या स्वयंसेवकांना पगार नसतो. माझं तिकीट आमच्या चर्चच्या मंडळीने वर्गणी काढून दिलं होतं.

वॉर्डात माझ्यासोबत तिथलीच एक दुभाषी होती. रुग्ण क्रिओ बोलायचे, मला त्यातलं फक्त 'कुशे', म्हणजे नमस्कार, येत होतं. वाकड्या पायांच्या शस्त्रक्रियेनंतर प्लास्टरमधली पोरं रात्री रडायची. ती त्यांना गोष्टी सांगायची, मी पाय उशीवर नीट ठेवायचे. पहाटे दोघी डेकवर बसून प्रार्थना करायचो, ती क्रिओत, मी मराठीत. तिने घरून आणलेली कसाव्याच्या पानांची भाजी आणि भात मी हातानेच खायचे, तेव्हा तिला कोण आनंद व्हायचा!

गेल्या वर्षी माझे वडील गेले. त्याच रात्री तिचा आवाजी संदेश आला. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही अख्खी प्रार्थना तिने अडखळत का होईना, मराठीत म्हटली होती. आईने ती तीनदा ऐकली.