गिरवून रोबो उभा राहतो, बसत नाही

एका लेखात वाचलं, यंत्रमानवाची चित्रं काढायला शिकायचं तर आवडत्या मालिकेतली चित्रं गिरवत सुटा. अर्धंच पटलं. १९७९ च्या ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी कार्टून मालिकेतला पांढरा रोबो मी दोन वह्या भरून गिरवला. समोरून अगदी हुबेहूब! मग भाचा म्हणाला, "मामा, याला खाली बसव ना." झाली पंचाईत. गुडघा वाकला की मांडीवरचा पत्रा जातो कुठे?

उत्तर सापडलं आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारात रस्ता खोदणाऱ्या जेसीबीसमोर. सिलिंडरमधला दांडा आत-बाहेर सरकला की अख्खा हात वर-खाली. सांधा ज्याभोवती फिरतो ती खीळ कुठे आहे ते कळलं की वरचं कवच आपोआप सुचतं. चालक वैतागून म्हणाला, "भाई, फोटो ज पाडी लो ने!" पण फोटोत सांधा हलत नाही ना.

‘मॅक्रॉस’ (१९८२) या दुसऱ्या जपानी मालिकेतली विमानाचा रोबो होणारी यंत्रं रचणारे शोजी कावामोरी तर रूपांतरं लेगोच्या ठोकळ्यांनी जुळवून बघतात. मी सध्या काड्यापेट्यांवर भागवतोय. गंडम अजून उकिडवाच बसतो, पण बसतो.