‘डी. एच.’ कोण? ‘चिकित्सक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

‘जंटलमन्स मॅगझिन’मधल्या निनावी पत्रलेखकांवरचा माझा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. लंडनचं मासिक, एडवर्ड केव्ह नावाच्या माणसाने १७३१ च्या जानेवारीत काढलेलं, क्लर्कनवेलच्या सेंट जॉन्स गेटमधून निघायचं, आणि निम्म्याहून अधिक मजकूर एकतर निनावी नाहीतर कुठल्यातरी टोपणनावाने किंवा दोन अक्षरांच्या सहीने. खुद्द संपादकसुद्धा ‘सिल्व्हेनस अर्बन’ या खोट्या नावाने वावरायचा. त्यातली ‘डी. एच.’ ही सही रिचर्ड गॉफ या पुराणवस्तूंच्या अभ्यासकाची कशी, हे मी लिहिलं होतं.

त्यावर ‘चिकित्सक’ असं नाव घेऊन कुणीतरी प्रतिक्रिया टाकलीय. मुद्दे असे: एक साल चुकलंय, मासिकाच्या मालकांच्या घरातल्या ज्या प्रतीवर लेखकांची नावं हाताने लिहिलेली आहेत तिच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवलाय, कॉम्प्युटरने शैली तपासतात हे मी सांगितलंच नाही, बायका कुठे आहेत. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: “शब्दकोडं सुटल्याचा आनंद होणं वेगळं आणि लेखक कोण हे सिद्ध होणं वेगळं; हा फरक लेखिकेला वस्तुतः माहीत नसावा.”

माहीत नसावा.

आता बघा, साल चुकलं हे कबूल. जॉन निकोल्सने (मुद्रक, पुढे मासिकाचा संपादक) मासिकात भागीदारी घेतली १७७८ मध्ये, मी १७७० लिहिलं होतं, हाताने काढलेल्या टिपणातला आठ मला शून्यासारखा दिसला. दुरुस्त केलंय, आभार. चूक दाखवणाऱ्याचा मला कधीच राग येत नाही, जुने वाचक सांगतील. पण चूक दाखवणं आणि शेरा मारणं यात फरक असतो, आणि हा फरक तुम्हाला ‘वस्तुतः’ माहीत असावा अशी माझी अपेक्षा होती, साहेब (की बाई? नावच नाही तर कळणार कसं).

तर शब्दकोडं. तुम्हाला हा शब्द शिवीसारखा वापरायचा होता. पण त्या मासिकाचा एक तरी खंड उघडून बघितलाय का तुम्ही? अहो, ते मासिकच कोडी घालणाऱ्यांचं होतं. १७३८ साली ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेने ठराव केला की सभागृहातली भाषणं कुणी छापायची नाहीत. केव्हने काय केलं, तर ‘लिलिपुट’च्या (गलिव्हरच्या गोष्टीतला बुटक्यांचा देश) सभागृहातल्या चर्चा म्हणून तीच भाषणं छापायला सुरुवात केली आणि माणसांच्या नावातली अक्षरं उलटसुलट केली. पंतप्रधान वॉल्पोलचा झाला ‘वालेलॉप’. वाचकाने महिन्याच्या महिन्याला अक्षरं जुळवायची आणि कोण बोललं ते ओळखायचं, पैसे देऊन. म्हणजे संपादक कोडी घालतोय, वाचक सोडवतोय, आणि अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी मी तेच केलं तर ते पोरकट?

पत्रलेखकांचंही तेच. सॅम्युएल पेग्ग हे डर्बीशरमधल्या व्हिटिंग्टन गावचे पाद्री. ते ‘पॉल गेमसेज’ या नावाने लिहायचे. मी पहिल्यांदा हे नाव बघितलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर बिलाच्या पाठीमागे दोन्ही नावांची इंग्रजी स्पेलिंगं लिहून एकेक अक्षर खोडत बसले होते, अकरा इकडे, अकरा तिकडे, तीन ‘ई’, दोन ‘जी’, शेवटी एकही उरलं नाही. आमटी थंड झाली. याच पेग्गांची दुसरी सही ‘टी. रो’. वाटतं ना कुणीतरी टॉमस रो असेल म्हणून? ते आहे ‘द रेक्टर ऑफ व्हिटिंग्टन’ची चार आद्याक्षरं! टी, आर, ओ, डब्ल्यू. हा माणूस अक्षरांशी खेळत होता आणि कुणीतरी ओळखावं म्हणूनच खेळत होता. अशा माणसाला शोधायला कोडं सोडवायचं नाही तर काय होमहवन करायचा?

आणि नेमकं ‘डी. एच.’च्या बाबतीत तर कोडं चटकन सुटल्याचा आनंद घेणारा माणूस तोंडावर आपटतो, हेच मी लेखात सांगितलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचला नाही किंवा वाचून सोडून दिला. केव्ह १७५४ साली गेला, त्यानंतर मासिक चालवलं त्याच्या मेव्हण्याने. मेव्हण्याचं नाव डेव्हिड हेन्री. डी. एच.! १७६७ मध्ये ससेक्समधल्या ऑल्फ्रिस्टन खेड्याबद्दलचं पत्र ‘डी. एच.’ सहीने छापून येतं तेव्हा मासिकाचा कारभार याच हेन्रीकडे. कोडं म्हणून सोडवायचं तर दोन सेकंदांत उत्तर तयार, संपादकानेच लिहिलं, चला पुढे. आणि ते साफ चूक. कारण ती आद्याक्षरं नाहीतच, ती अंत्याक्षरं आहेत. रिचर्डमधला शेवटचा ‘डी’ आणि गॉफच्या स्पेलिंगच्या शेपटाला असलेला, उच्चारात कुठेच न येणारा ‘एच’. हे मला स्वप्नात दिसलं नाही. निकोल्सने गॉफच्या मृत्यूनंतर त्याचं चरित्र छापलं त्यात हे आहे, ऑल्फ्रिस्टनच्या पत्रासकट. म्हणजे कोडं एकीकडे आणि बाहेरचा साक्षीदार दुसरीकडे, दोन्ही जुळले तेव्हा मी नाव लिहिलं. याला सिद्ध होणं म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात ते एकदा समजावून सांगा.

आता थोडं स्वतःबद्दल बोलते, कारण “माहीत नसावा” म्हटल्यावर बोलावंच लागतं. मी एका साप्ताहिकात (नाव नको, ते आता बंद पडलंय आणि मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये) सात वर्षं वाचकांच्या पत्रांचं पान बघत होते. तुम्ही टोपणनावांबद्दल वाचलं असेल, मी ती हातात धरलीयेत. पान लावताना आठ ओळी कमी पडल्या की आमचे एक उपसंपादक चहाचा कप बाजूला ठेवून तिथल्या तिथे ‘सौ. क. ख., डोंबिवली’ होऊन महागाईवर पत्र लिहायचे, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने त्याच पत्राला उत्तरही द्यायचे, ते जास्त जहाल असायचं. ‘एक त्रस्त प्रवासी’ दर महिन्याला लिहायचे, हिरवी शाई, आणि प्रत्येक ‘की’ ऱ्हस्व. तीच हिरवी शाई आणि तोच ऱ्हस्व ‘कि’ मला एकदा ‘एक समाधानी प्रवासी’ यांच्या पत्रात सापडला! सहीमागे कोण आहे हे शोधणं मी पुस्तकातून शिकलेले नाही. एकदा ओळखण्यात चूक झाली, एका सद्गृहस्थांना मी फोनवर भलत्याच पत्राबद्दल अभिनंदन करून बसले आणि ते पत्र त्यांच्याच विरोधात होतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

हाताने नावं लिहिलेल्या प्रतीबद्दल. तुमचं म्हणणं की निकोल्स घराण्याची ती प्रत, जी आता वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीत आहे, तिच्यातली नावं तीन पिढ्यांनी लिहिलेली, काही तर पत्र छापून कितीतरी वर्षं उलटल्यावर, आणि १८०८ च्या आगीत छापखाना जळाला तेव्हा मूळ कागदपत्रांपैकी बरंच गेलेलं, मग नातवाच्या हातचं नाव पुरावा कसं धरायचं. ठीक आहे, मुद्दा म्हणून ठीक आहे. पण नातू कोण? जॉन गॉफ निकोल्स. मधलं नाव बघा! गॉफ त्याचा गॉडफादर होता. ज्या घरात पोराला त्या माणसाचं नाव दिलं त्या घराला त्याची सही कळणार नाही? आपल्या आजोबांचं अक्षर आपण ओळखत नाही का? जेम्स कुइस्टने १९८२ मध्ये त्या प्रतीवरून हजारो नावांची यादी पुस्तकरूपात काढली, नंतर एमिली द मॉन्टलुझिन यांनी त्यात कित्येक नावांची भर घातली, काही दुरुस्त केली. या लोकांनी आयुष्य घातलंय त्यात. त्यांना जे चाललं ते मला चालतं, विषय संपला.

कॉम्प्युटर. हो, करतात, कुठले बारीकसारीक शब्द कोण किती वेळा वापरतो ते मोजतात. पण त्याला भरपूर मजकूर लागतो, आणि इथे एखाद्या थडग्यावर कोरलेल्या लेखाबद्दल बारा ओळींचं पत्र, त्यातून संपादकाची कात्री. आणि शैलीवरून ओळखण्याच्या धंद्याचं काय होतं त्याची गोष्ट ऐका. ती लिलिपुटची भाषणं १७४१ ते १७४४ सॅम्युएल जॉन्सन (तोच, पुढे इंग्रजी शब्दकोश करणारा) लिहायचा, बऱ्याचदा सभागृहात पाऊल न टाकता, कोण कुठल्या बाजूने बोललं एवढ्या टिपणावरून. पुढे कितीतरी वर्षांनी एका जेवणाच्या पंक्तीत विल्यम पिट या राजकारण्याच्या एका भाषणाची तारीफ चाललेली, ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसपेक्षा सरस वगैरे, चांगली शिकलेली माणसं हो, ग्रीक येणारी. जॉन्सन गप्प बसून ऐकत होता, मग म्हणाला, ते भाषण मी एक्झेटर स्ट्रीटवरच्या माळ्यावर बसून लिहिलंय. (गोष्ट आर्थर मर्फीने नोंदवलीय.) सगळ्यांना त्यात पिटची शैली दिसत होती! जॉन्सनचा चरित्रकार बॉझवेलसुद्धा १७९१ च्या चरित्रात जॉन्सनच्या लेखनाची यादी देताना प्रामाणिकपणे वेगवेगळं लिहितो, हे त्याने स्वतः कबूल केलेलं आणि हे मला आतल्या खुणांवरून वाटतं. तेव्हा शैली-बिलीवर माझा विश्वास जरा कमीच आहे.

बायकांबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, मीही एका ओळीत सांगितलं असतं पण हे राहवत नाही म्हणून: एलिझाबेथ कार्टरची पहिली कविता १७३४ मध्ये ‘एलायझा’ सहीने आली, तिला सतरा पूर्ण व्हायची होती, आणि ती कविता म्हणजे (बसा आता) एक कोडं होतं. १७३८ मध्ये जॉन्सनने या एलायझाच्याच एका कोड्यावर ग्रीकमध्ये चार ओळी केल्या. आणि तोच जॉन्सन मेल्यावर ‘बेन्व्होलिओ’ या झकास पुरुषी नावाने त्याच्यावर तोंडसुख घेणारी पत्रं मासिकात आली, ती ॲना सीवर्ड या कवयित्रीची. यावर वेगळा लेख होईल. तुम्ही सुचवलंत म्हणून नाही, आधीपासून डोक्यात होता.

राहता राहिला तुमचा सूर. मी काही दुधखुळी नाही. ‘वस्तुतः’ हा शब्द, वाक्याच्या मधोमध अर्धविराम, आणि ‘लेखिकेला’ असा तिसऱ्या व्यक्तीतला तिरका उल्लेख, हे तिन्ही एकत्र मी आयुष्यात एकाच माणसाकडे बघितलेत, पुण्यातल्या एका व्याख्यानानंतर ज्यांनी माइक हातात घेऊन प्रश्न म्हणता म्हणता वीस मिनिटं भाषण केलं होतं. तुम्ही कोण ते मला पहिल्या वाचनात कळलं. नाव लिहिणार नाही, तेवढी सभ्यता आमच्याकडे आहे.

(हे उत्तर टाकायच्या आधी भाचीला वाचायला दिलं. ती म्हणाली, “मावशी, वर शैलीवर विश्वास नाही म्हणालीस आणि खाली शैलीवरूनच माणूस पकडलास.” मी तिला म्हटलं, ते वेगळं. ती म्हणाली, कसं वेगळं. मी म्हटलं, मी त्या माणसाला ऐकलंय. त्यावर ती काही बोलली नाही, मोबाईल बघत बसली. तरी, समजा ते तुम्ही नसाल, तर वरचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही असं समजा.)

१७७८ दुरुस्त झालंय, ‘डी. एच.’ला हात लावलेला नाही. पुढचा लेख ‘क्रिटो’वर, म्हणजे जॉन डंकूम, ज्याच्यानंतर १७८६ पासून मासिकातली पुस्तकपरीक्षणं गॉफकडे आली. तेव्हा तुम्ही यालच, या. फक्त सहीच्या जागी काहीतरी टाका, पूर्ण नाव नको असेल तर शेवटची दोन अक्षरंही चालतील.