ताप आला म्हणून स्टेरॉइडची गोळी बंद करू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज सांगतो: ‘कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीचा शत्रू. ताप आला की स्टेरॉइड बंद, गुळवेलीचा काढा सुरू.’

आधी ‘शत्रू’ पाहू. कॉर्टिसॉल म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड; गोळ्या त्याचंच काम करतात. जंतू शिरले की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6, टीएनएफ ही रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतो. तिथून सीआरएच हे संप्रेरक, मग मेंदूच्या तळाच्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरं आणि शेवटी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल. म्हणजे कॉर्टिसॉल मागवते ती प्रतिकारशक्तीच. सूज आवरायला आणि रक्तदाब, साखर टिकवायला. जास्त डोस महिनोन्‌महिने चालला तर संसर्ग वाढतात, हे मात्र खरं. 2020 च्या ‘रिकव्हरी’ या औषधचाचणीतही डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांनाच झाला, बाकीच्यांना नाही.

‘गोळी बंद’ हा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 5 मिलीग्रॅम किंवा जास्त, तीन-चार आठवडे पोटात गेलं की एसीटीएच घटतं, ग्रंथी सुस्तावतात. पूर्ववत व्हायला कधी कधी महिने लागतात. अशात ताप आला की कॉर्टिसॉलची मागणी होते, पुरवठा होत नाही. मग उलट्या, पोटदुखी, चक्कर, घसरलेला रक्तदाब, कमी सोडियम. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 वर असताना घरचे ‘ऊन लागलं’ म्हणतात, पन्हं पाजतात, ओला दुपट्टा गुंडाळतात आन्‌ संध्याकाळची वाट पाहतात. पन्हं खुशाल पाजा, पण दवाखान्यात पोचल्याबरोबर ‘रोज स्टेरॉइड चालू आहे’ हे आधी सांगा.

काढ्याबद्दल थोडक्यात: गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतात आहेत. संधिवात, ल्युपससारख्या आजारात तर प्रतिकारशक्ती आधीच अंगावर उलटलेली असते. तिला आणखी चेतवून काय साधणार?

तापात करायचं काय, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच, औषधाच्या रूपात) घेणाऱ्यांचा डोस ताप असेपर्यंत साधारण दुप्पट करतात. प्रेडनिसोलोन रोज 5 मिलीग्रॅम चालू असेल तर बहुधा सकाळी 5, संध्याकाळी 5. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी. तीही उलटून पडली तर घरी थांबू नका. हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलीग्रॅमचं इंजेक्शन लागतं. आणि टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं असेल तर ताप नसतानाही डोस तपासून घ्या: त्या औषधामुळे यकृत कॉर्टिसॉल झपाट्याने मोडतं, नेहमीची गोळी पुरत नाही.