तिसऱ्या कुठल्या?

परवा बाजारात तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचा, वाटा घेताना सवयीने विचारलं, "मावशी, खाडीच्याच ना?" मावशी मान वर न करताच म्हणाल्या, "आपल्या खाडीच्या आता कुठल्या? जयगडकडच्या हायत. घ्या गपचूप." मग आवाज उतरवून, "आपल्याकडची बोय पण कधीकधी रॉकेलसारखी वास मारते. गिऱ्हाईक परत आणून देतं."

पिशवी घेऊन घरी आलो आणि डोक्यात ऱ्हाइन नदी. हसू नका. भाचा स्वित्झर्लंडला बाझेलमध्ये नोकरीला आहे. उन्हाळ्यात तिथली माणसं ऑफिस सुटलं की कपडे माशाच्या आकाराच्या पिशवीत भरतात आणि नदीत उडी टाकून खालच्या अंगाला वाहत जातात. त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

त्याच बाझेलजवळ १ नोव्हेंबर १९८६ ला रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन थेट नदीत उतरलं. नदी लाल झाली. आपल्या वामीसारखे लांबडे ईल मासे दीड लाखाच्या आसपास मेले. पार हॉलंडपर्यंत धसका बसला. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी ठरवलं, की २००० सालापर्यंत नदीत सालमन मासा परत आला पाहिजे. आकडे, टक्केवारी कागदावर होतीच, पण लोकांना सांगायला एक मासा. आणि तो आला. पिल्लं सोडावी लागली, बांधांना मासे चढतील असे जिने करावे लागले, ही गोष्ट वेगळी. वरच्या अंगाला फ्रान्समधले काही बांध आडवे आहेत, म्हणून बाझेलपर्यंतची वाट त्याला अजून पुरती मोकळी नाही.

मला जास्त टोचली ती मिठाची गोष्ट. फ्रान्समधल्या पोटॅशच्या खाणी नदीत मीठ सोडायच्या आणि खाली हॉलंडच्या बागाईतदारांची रोपं जळायची. भांडण वर्षानुवर्षं चाललं. १९७६ मध्ये करार झाला, की मीठ कमी करायचा खर्च वाटून घ्यायचा. हॉलंड ३४ टक्के, जर्मनी ३०, फ्रान्स ३०, स्वित्झर्लंड ६. म्हणजे ज्याचं नुकसान, त्याचाच वाटा सगळ्यात मोठा! वाचलं तेव्हा मी चिडलोच. घाण करणाऱ्याने भरावं, हे आपलं साधं गणित. अजूनही मला तो सौदा न्याय्य वाटत नाही. पण तो करार पाळायलाही फ्रान्सने वर्षं खाल्ली आणि तरी बाकीचे टेबलावरून उठले नाहीत, हे मात्र मनात राहिलं.

आता आमची वाशिष्ठी. सह्याद्रीत उगम, खाली खाडी होऊन दाभोळला समुद्र, वाटेत खेडहून आलेली जगबुडी नदी. चिपळूण, खेड, गुहागर, दापोली. सगळं एका जिल्ह्यात. ना पासपोर्ट, ना परराष्ट्रमंत्री. (पाणी मात्र बरंचसं घाटापलीकडचं. कोयनेचं पाणी वीज करून पोफळीकडून आमच्या नदीत येतं, म्हणजे पूर्वेला कृष्णेत जायचं पाणी पश्चिमेला वळलेलं.) तरी नदीकाठचे आपण एका खोलीत बसत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा बसलो. आमच्या दुकानात पाणी पंख्याला लागलं होतं. त्यानंतर गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले, गाळ निघायला लागला. पण तो गाळ झाला. पाण्यात काय मिसळतं, यासाठी कुणी उपोषणाला बसलेलं मला आठवत नाही, मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी खाडीत मेलेले मासे दिसले, म्हणून एका कार्यालयात तक्रार दिली. माणसं बरी बोलली. नमुना घ्यायला गडी आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन भरतीला. बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं आणि गेला. ओहोटीला, घाण खाली उतरते त्या वेळी या, म्हटलं तर म्हणाला, "साहेब, ड्युटी पाचला संपते."

म्हणून वाटतं, आपणही एक जीव ठरवावा. सालमन नको, आपल्या तिसऱ्याच. मासा वास आला की पळतो. तिसरी चिखलात बसून भरतीचं आणि ओहोटीचं, दोन्ही पाणी गाळून घेते. साल ठरवा, जागा ठरवा. कारखानदार, भोई, दुकानदार, नगरपालिका, सगळे एकत्र बसा. ३४ टक्के कुणाचे यावर भांडू. मी दुकानातर्फे माझा वाटा द्यायला तयार आहे. बायको म्हणते, आधी तिला विचारायला हवं होतं.

मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण ह्या जयगडच्या नीट धुवून घ्या हां, रेव आहे."